विद्यापीठ गावाला काय देते?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आजचा विषय ऐकायला जरा जड वाटेल. विद्यापीठाच्या पुढाकाराने एखाद्या प्रदेशाची आर्थिक वाढ कशी घडते आणि ती घडावी म्हणून आखणी कशी करायची, याबद्दल मला बोलायचे आहे. अशा विषयावर एका कवीने, तेही नुसत्या बी.ए. झालेल्या कवीने का बोलावे, असे कुणालाही वाटेल. त्याचे उत्तर असे की मी कन्हानचा राहणारा आहे. आमच्या परिसरात जमिनीखाली कोळसा आहे. रामटेककडे निघालात की मनसरला मँगेनीजची खाण लागते. एका बाजूला कोराडी आणि खापरखेडा ही दोन मोठी वीज केंद्रे आहेत. आमच्या नदीचे पाणी नागपूर शहर पिते. आणि वीसेक किलोमीटरवर शंभरी ओलांडलेले विद्यापीठ आहे. एवढे सगळे एका ठिकाणी असूनही इथला पदवीधर मुलगा नोकरीसाठी पुण्याची गाडी धरतो. हे असे का, हा प्रश्न अर्थशास्त्र्यांचा आहे तसा ज्यांची मुले गाडीत बसतात त्यांचाही आहे.

कामठीचे एक मृत्युपत्र

कन्हान नदीचा पूल ओलांडला की कामठी लागते. या कामठीत रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण नावाचे उद्योजक राहत. मँगेनीजच्या खाणींत त्यांनी पैसा मिळवला. त्या काळी इथले बहुतेक मँगेनीज बोटीत भरून परदेशच्या पोलाद कारखान्यांकडे जात असे. १९३० च्या सुमारास लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्राप्रमाणे सुमारे ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठाला मिळाले. उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवण्यासाठी ते वापरावेत, अशी त्यामागची इच्छा होती. त्या काळचे ३५ लाख म्हणजे केवढी रक्कम, याचा अंदाज घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावा. त्या देणगीतून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू झाली. नागपूरकर तिला एल.आय.टी. म्हणतात. २०२३ मध्ये राज्य सरकारने तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा दिला.

या मृत्युपत्रात प्रादेशिक विकासाची एक पूर्ण कल्पना दडलेली आहे. जमिनीतून निघणारे धन एकदाच निघते, म्हणून ते संपण्यापूर्वी त्याचा काही भाग विद्येत गुंतवावा, आणि ती विद्याही हाताला उपयोगी पडणारी असावी. आज जगभरचे तज्ज्ञ खनिजसंपन्न प्रदेशांना हाच सल्ला देतात. आमच्या शेजारच्या गावातल्या एका गृहस्थांना तो नव्वद-पंचाण्णव वर्षांपूर्वी सुचला होता.

संस्थेने उत्तम रसायन अभियंते घडवले. तेल, रंग, कागद, अन्नप्रक्रिया, प्लास्टिक अशा अनेक शाखांत तिथे शिक्षण झाले आणि तिचे विद्यार्थी देशभर, परदेशात मोठ्या पदांवर पोचले. पण ज्या मातीतून तो पैसा निघाला, त्या कामठी-कन्हान-रामटेक पट्ट्यात त्या विद्येतून किती धंदे उभे राहिले, असे विचारले तर उत्तर द्यायला आपण अडखळतो. यात संस्थेचा दोष शोधण्यात अर्थ नाही. कारण समजून घेतले पाहिजे.

विद्या आणि गिऱ्हाईक

मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे यू.डी.सी.टी., १९३३ साली सुरू झाला. आज ती इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी म्हणून ओळखली जाते. तिथले पहिले अभ्यासक्रम होते वस्त्र-रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. वस्त्र-रसायन का, तर दाराशीच गिरण्या होत्या. गिरण्यांना रंग हवा होता, धुलाईची रसायने हवी होती, रंग उडाला तर कारण सांगणारा माणूस हवा होता. प्रयोगशाळेतला प्राध्यापक आणि गिरणीतला मास्तर यांचे बोलणे रोजचे झाले. पुढे औषधे आणि रसायनांचे कारखाने निघाले तेव्हा हीच सवय कामी आली. डॉ. मनमोहन शर्मांसारखे प्राध्यापक शिकवता शिकवता कारखान्यांच्या अडचणीही सोडवत. डॉ. रेड्डीज ही औषध कंपनी काढणारे अंजी रेड्डी त्याच विभागाचे विद्यार्थी.

नागपूरला १९४२ साली कापडगिरण्या होत्या, पण रसायनांचे कारखाने फारसे नव्हते. बंदर दूर होते. भांडवल मुंबईला होते. शिकलेल्या मुलाला इथे गिऱ्हाईक नव्हते, म्हणून तो गिऱ्हाईक होते तिकडे गेला. यातून एक नियम हाती लागतो. नुसती संस्था काढल्याने प्रदेश वाढत नाही. विद्या आणि तिची गरज असणारा माणूस यांची गाठ पडावी लागते. ज्या गावात ती गाठ आपोआप पडत नाही, तिथे ती मुद्दाम घालून द्यावी लागते. मुद्दाम घालून देण्याच्या या कामालाच नियोजन म्हणायचे.

अमेरिकेत १८६२ साली एक कायदा झाला. सरकारने राज्यांना जमीन दिली आणि तिच्या उत्पन्नातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढायला सांगितले. या महाविद्यालयांचे काम पुढे शिकवण्यापुरते राहिले नाही. नवे बियाणे, नवी पद्धत शेतकऱ्याच्या बांधावर पोचवणे हाही त्यांच्या कामाचा भाग ठरला. आपल्याकडची कृषी विद्यापीठे याच धर्तीवर निघाली. राहुरीचे १९६८ मध्ये आणि अकोल्याचे १९६९ मध्ये. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तीन कामे त्यांना जन्मापासून नेमून दिलेली आहेत.

आपल्या इतर विद्यापीठांचा जन्म मात्र वेगळ्या घरातला. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे जी विद्यापीठे निघाली ती लंडनच्या नमुन्यावर होती. महाविद्यालयांनी शिकवायचे आणि विद्यापीठाने परीक्षा घ्यायची. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हाही त्याच्याशी सहा महाविद्यालये जोडलेली होती. पुढे महाविद्यालयांची संख्या शेकड्यांनी वाढली आणि विद्यापीठाचा बहुतेक जीव प्रवेश, परीक्षा, निकाल आणि फेरतपासणी यांत अडकून पडला. आपल्या परिसरातल्या कारखान्याचे, शेताचे, नदीचे काय चालले आहे हे पाहण्याची त्याला सवयच लागली नाही.

आणखी एक उदाहरण सगळे देतात, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे. तिथले प्राध्यापक फ्रेडरिक टर्मन यांना दिसत होते की आपली हुशार मुले नोकरीसाठी पूर्वेकडे जातात. म्हणजे आमच्यासारखेच दुखणे. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना तिथेच धंदा काढायला लावले. ह्यूलेट आणि पॅकार्ड या त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी १९३९ साली एका गॅरेजमध्ये कंपनी सुरू केली. १९५१ मध्ये विद्यापीठाने आपल्या मोकळ्या जमिनीवर उद्योगांसाठी वसाहत केली. पुढची सिलिकॉन व्हॅली सगळ्यांना माहीत आहे. मात्र सांगणारे दोन गोष्टी गाळतात. सरकारने संरक्षण संशोधनासाठी तिथे वर्षानुवर्षे भरपूर पैसा ओतला, आणि फळ दिसायला काही दशके लागली. नुसती इमारत बांधून, दारावर पाटी लावून आणि फीत कापून ते झाले नाही.

चार कामे

मग प्रदेशासाठी विद्यापीठाने नेमके काय करायचे? मी वाचले, ऐकले आणि पाहिले त्यावरून चार कामे सांगतो.

पहिले काम माणसे तयार करण्याचे. हे चालूच आहे, पण कोणत्या कामासाठी तयार करायचे ते परिसर पाहून ठरले पाहिजे.

दुसरे काम मोजण्याचे आणि तपासण्याचे. विहिरीच्या पाण्यात काय आहे, राखेच्या विटेत किती ताकद आहे, खनिजात धातू किती आहे, हे तपासायला लहान उद्योजकाकडे किंवा ग्रामपंचायतीकडे प्रयोगशाळा नसते. विद्यापीठाकडे असते. ती माफक दरात आणि वेळेवर उपलब्ध झाली तर अर्धे काम झाले.

तिसरे काम नवी कल्पना बाजारापर्यंत नेण्याचे. हल्ली याला इनक्युबेशन म्हणतात, म्हणजे उबवणी. कोंबडी अंड्याला ऊब देते तशी नव्या धंद्याला पहिली दोन-तीन वर्षे जागा, यंत्र, सल्ला आणि थोडे भांडवल द्यायचे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ या कायद्याने आता प्रत्येक विद्यापीठात नवोपक्रम, नवसंशोधन आणि साहचर्य यांसाठी स्वतंत्र व्यवस्था ठेवली आहे.

चौथे काम सगळ्यांना एका सतरंजीवर बसवण्याचे. खाण कंपनी, वीज केंद्र, शेतकरी, नगर परिषद, कामगार संघटना यांचे एकमेकांशी पटत नाही. सरकारी कचेरीत ते तक्रार घेऊन जातात आणि कोर्टात वकील घेऊन. विद्यापीठात ते आकडे घेऊन बसू शकतात, कारण विद्यापीठाला कुणाची बाजू घ्यायची नसते. निदान घ्यायची नसावी.

आमच्याच परिसरातले नमुने

हे हवेतले बोलणे वाटू नये म्हणून जवळची उदाहरणे देतो.

सावनेर तालुक्यात गुमगावला मँगेनीजची खाण आहे. खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडमातीच्या ढिगाऱ्यावर गवतही उगवत नाही. नागपूरच्या नीरी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तिथे एक प्रयोग केला. साखर कारखान्यातून निघणारा प्रेसमड त्या मातीत मिसळला, मुळांना मदत करणारे जिवाणू वापरले आणि त्या ढिगाऱ्यांवर झाडे उभी केली. एका उद्योगाचा टाकाऊ माल दुसऱ्या उद्योगाच्या जखमेवर औषध झाला. नीरी ही विद्यापीठ नव्हे, राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. पण प्रदेशाच्या कामी येणारे संशोधन कसे असते त्याचा हा चांगला नमुना आहे.

दुसरे उदाहरण कन्हानजवळच्या गोंडेगावचे. उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोचायला वरचा मातीचा थर काढावा लागतो. त्याचे डोंगर आम्ही लहानपणापासून पाहतो. त्याच मातीतून धुऊन वाळू वेगळी काढण्याचा कारखाना कोळसा कंपनीने तिथे उभा केला. नदीतली वाळू उपसून उपसून नद्यांची काय दशा झाली हे कन्हानकाठच्या माणसाला सांगायला नको. तेव्हा ही वाळू घरबांधणीला चालत असेल तर त्यात नदीचाही फायदा आहे. आता पाहा, यातून विद्यापीठासाठी किती कामे निघतात. ही वाळू कोणत्या काँक्रीटला चालते, गिलाव्याला चालते का, तिच्यात मातीचा अंश किती राहतो, उरलेल्या गाळाचे काय करायचे. पाच-सहा विद्यार्थ्यांचे एम.टेक. यात होईल आणि गावातल्या ठेकेदाराला भरवशाचे उत्तर मिळेल.

तिसरे उदाहरण दुःखाचे आहे. जुलै २०२२ मध्ये मोठ्या पावसात खसाळा येथे वीज केंद्राच्या राखेचा बंधारा फुटला. राख नाल्यांतून कोलार आणि कन्हान नदीत आली. राख म्हणजे कोळसा जळल्यावर उरलेला बारीक चुरा. सिमेंटमध्ये, विटांत, रस्त्यात, रिकाम्या झालेल्या खाणी भरण्यात ती वापरता येते. वीज केंद्रांनी सगळी राख वापरात आणावी अशी केंद्र सरकारची २०२१ ची अधिसूचना आहे. पण राख रस्त्याने नेण्याचा खर्च, विटांचा दर्जा, गिऱ्हाइकाच्या मनातली शंका, हे प्रश्न अधिसूचनेने सुटत नाहीत. त्यासाठी इथे बसून, इथलीच राख हातात घेऊन काम करणारी माणसे लागतात.

आता मँगेनीजकडे वळू. मॉइल ही सरकारी कंपनी १९६२ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय नागपूरला आहे. मँगेनीज मुख्यतः पोलाद बनवायला लागते. पण भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग येथे मॉइलने विजेच्या साहाय्याने शुद्ध मँगेनीज डायऑक्साइड तयार करण्याचा कारखाना घातला आहे. टॉर्चच्या सेलमध्ये हा पदार्थ असतो. आता विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या काही बॅटऱ्यांतही निकेल आणि कोबाल्टबरोबर मँगेनीज लागते. ही एक शिडी आहे. खालच्या पायरीवर दगड, मग मिश्रधातू, मग शुद्ध रसायन, मग बॅटरी. पायरी चढली की किलोमागे मिळणारा पैसा वाढतो आणि लागणारे ज्ञानही वाढते. खाणीचा दगड आपला आहे. वरच्या पायऱ्यांचे ज्ञान आपले व्हायचे असेल तर लक्ष्मीनारायण यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या संस्थेपेक्षा योग्य जागा दुसरी कोणती?

पदवी नसलेले ज्ञान

कामठीला इंग्रजांनी १८२१ साली छावणी वसवली. पुढे उत्तरेकडून आलेल्या विणकर कुटुंबांची वस्ती इथे वाढली. माझे आजोळ त्यातलेच. मामूंच्या घरी माग होता. हवेत ओल किती आहे ते मामू सूत बोटावर घेऊन सांगत आणि त्याप्रमाणे ताण्याला खळ कमी-जास्त लावत. धोट्याच्या आवाजावरून कुठे धागा तुटणार ते त्यांना कळे. शाळा त्यांची चौथीपर्यंत झालेली. एकदा एका महाविद्यालयाची मुले छापील प्रश्नावली घेऊन आली. घरात माणसे किती, उत्पन्न किती, कर्ज किती, असे विचारून गेली. मामूंनी त्यांना चहा पाजला. जाताना मामू म्हणाले, "बेटा, रंग टिकत नाही त्याचं काही करता येईल का ते विचारून ये तुझ्या मास्तरांना." मुले पुन्हा आली नाहीत.

मी हे रागाने सांगत नाही. सर्वेक्षण आणि संशोधन यांतला फरक यातून कळतो, म्हणून सांगतो. गावाकडून माहिती घेऊन जाणे सोपे असते. गावाचा प्रश्न घेऊन जाणे आणि उत्तर घेऊन परत येणे कठीण असते. रंग का टिकत नाही, हा रसायनशास्त्राचाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर देऊ शकणारी माणसे वीस किलोमीटरवर होती. आज कामठीत माग फार थोडे उरले आहेत. विणकरीचे सगळे दुखणे रंगाने बरे झाले असते असे नाही. यंत्रमाग, सुताचे भाव, बाजार, अशी कारणे मोठी होती. पण जे एक दुखणे हाताशी होते त्यालाही औषध मिळाले नाही.

आणखी एक गोष्ट भाषेची. संशोधन इंग्रजीत लिहिले जाते आणि इंग्रजी मासिकात छापले जाते. त्याला इलाज नाही. पण त्याचा दोन पानी सारांश मराठीत, हिंदीत आणि कामठीसारख्या ठिकाणी उर्दूत निघायला काय हरकत आहे? इथे आमच्यासारख्या कला शाखेच्या माणसांना काम आहे. अभियंता वाळूचा दर्जा सांगेल, पण गवंड्याला समजेल अशा शब्दांत ते लिहायला भाषेची जाण लागते. प्रादेशिक विकासाच्या योजनांत भाषाशिक्षकाला कुणी बोलावत नाही. बोलावले पाहिजे.

आराखडा कसा असावा

आता नियोजनाकडे येतो. विद्यापीठांनी दर पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा, असे कायद्यातच आहे. सध्याचा २०२४ ते २०२९ या वर्षांसाठी आहे. मागास आणि सोयी नसलेल्या भागांची गरज त्यात लक्षात घ्यावी, असेही कायदा म्हणतो. पण व्यवहारात या आराखड्याची चर्चा कुठे नवे महाविद्यालय काढायचे आणि कोणती शाखा द्यायची, एवढ्यावर येऊन थांबते. हाच कागद थोडा मोठा केला तर तो प्रदेशाच्या रोजीरोटीचा आराखडा होऊ शकतो. त्यासाठी माझ्या समजुतीप्रमाणे पाच गोष्टी कराव्या लागतील.

पहिली, परिसराची यादी. प्रत्येक तालुक्यात काय पिकते, काय निघते, काय वाया जाते आणि लोकांना काय येते. पारशिवनी तालुक्याची यादी काटोलच्या यादीसारखी असणार नाही. काटोलला संत्रे आहे, आमच्याकडे कोळसा आणि नदी आहे.

दुसरी, मोजके प्रश्न निवडणे. शंभर प्रश्न घेतले तर एकही सुटणार नाही. पाच वर्षांत तालुक्यामागे दोन-तीन पुरेत. ते निवडताना गावातली माणसे बसलेली असावीत, आणि त्यांत बायकाही असाव्यात. पाण्याचा प्रश्न पाणी भरणारीला जास्त कळतो.

तिसरी, शिक्षणाला त्याची जोड. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आणि समाजसंपर्क यांना आता गुण आहेत. नुसती वही भरून हे गुण मिळवता येतात. किंवा कन्हानच्या महाविद्यालयातली मुले दरवर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये ठरलेल्या विहिरींचे पाणी मोजून तपासू शकतात. दहा वर्षांत अशी नोंदवही तयार होईल की सरकारलाही ती मागावी लागेल.

चौथी, पैसा आणि माणसे. राज्यातल्या विद्यापीठांत प्राध्यापकांच्या कितीतरी जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. तासिका तत्त्वावर धावपळ करणाऱ्या शिक्षकाकडून पाच वर्षांचे संशोधन कसे होईल? खाणी आणि कारखाने समाजासाठी जो निधी देतात, त्यातला काही भाग प्रवेशद्वारे आणि बाकांऐवजी प्रयोगशाळेला आणि संशोधन करणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्तीला द्यावा. कारखानदाराने आपला पैसा विद्येला दिल्याचे उदाहरण आपल्या कामठीतच आहे.

पाचवी, हिशेब. आज किती करार झाले, किती कार्यशाळा झाल्या, हे मोजतात. मोजायचे ते वेगळे आहे. किती लहान उद्योगांनी प्रयोगशाळा वापरली? घेतलेल्या प्रश्नांपैकी किती सुटले? पदवी घेतलेल्यांपैकी किती जणांना पन्नास किलोमीटरच्या आत बऱ्या पगाराचे काम मिळाले? हे आकडे दरवर्षी मराठीत जाहीर व्हावेत.

शेजारी गडचिरोलीला २०११ साली गोंडवाना विद्यापीठ झाले. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे नागपूर विद्यापीठातून वेगळे काढून ते बनले. जंगल, तेंदू, मोह, बांबू, ग्रामसभा हे तिथले जग. त्या विद्यापीठाने शिक्षण सुटलेल्यांसाठी गावातच पदवीचे वर्ग नेण्याचा उपक्रम सुरू केला आहे. वयाने आणि साधनांनी लहान असलेले विद्यापीठ हे करू शकते. आमच्या विद्यापीठाला तर २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. गावाचा एवढा विचार केलेल्या संताचे नाव मिरवताना गावाकडे पाठ करून चालणार नाही.

दोन धोके

धोके सांगितले नाहीत तर बोलणे अपुरे राहील. पहिला धोका असा की उद्योगांशी मैत्री वाढता वाढता विद्यापीठ त्यांचे मिंधे व्हायचे. ज्याचा निधी घेतला त्याच्या धुराचे माप कमी दिसू लागले, तर लोकांचा विश्वास उडेल आणि विद्यापीठाचे चौथे काम कायमचे बंद पडेल. म्हणून तपासणीचे आकडे उघड ठेवण्याची अट करारातच असली पाहिजे.

दुसरा धोका, सगळे शिक्षण धंद्याच्या मापाने मोजण्याचा. इतिहास, तत्त्वज्ञान, कविता यांतून कारखाना निघत नाही. पण कारखाना कुणासाठी, नदी कुणाची, हे प्रश्न विचारायला तीच विद्या शिकवते. हे मी कवी म्हणून माझ्या पोटासाठी बोलतो आहे, असे कुणाला वाटले तर त्यांनी खुशाल तसे समजावे.

आमच्या भागातला कोळसा संपणारा आहे. एकेक खाण बंद होत जाईल आणि तिच्याबरोबर ठेकेदारीची कामे, ट्रक, हॉटेले आणि किराणा दुकानेही आटोपतील. ही वेळ यायला काही वर्षे आहेत, आणि आखणीला तेवढीच वर्षे मिळणार आहेत. एका नव्या विषयाचा शिक्षक तयार व्हायला, त्याची प्रयोगशाळा लागायला आणि तिथून पहिला धंदा निघायला दहा-पंधरा वर्षे सहज जातात. म्हणजे ज्यांना खाण बंद झाल्यावर काम हवे आहे त्यांच्यासाठी सुरुवात आत्ताच करावी लागेल.

ही गोष्ट कुलगुरूंनी आणि मंत्र्यांनी करायची, आपण काय करणार, असे म्हणून रेडिओ बंद करू नका. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर मत देऊन आपले प्रतिनिधी पाठवतात. बी.ए. झालेल्यालाही हे मत आहे, बी.कॉम. झालेल्यालाही. फक्त पदवीधर म्हणून नाव नोंदवावे लागते, आणि बहुतेक जण तेच करत नाहीत. आपले नाव नोंदवा. मत मागायला उमेदवार आला की त्याला एकच विचारा: पुढच्या बृहत् आराखड्यात आमच्या तालुक्याचे कोणते दोन प्रश्न तू घालणार आहेस? त्याला सांगता आले नाही तर आपण सांगावेत. कन्हानचे मी आताच देऊन ठेवतो. एक नदीचे पाणी आणि दुसरा खाणीनंतरचे काम.